परातीतला रेणू

(मुंबईत विज्ञान शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

1921 च्या सप्टेंबरमध्ये ‘नारकुंडा’ नावाची बोट आपल्या मुंबई बंदरात लागली. तिच्यावर चंद्रशेखर वेंकट रामन होते. इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राची निळाई त्यांनी डेकवरून डोळे भरून पाहिली होती. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मानलं जाई. खुद्द इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचंही मत तेच होतं. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड ठरावीक कोनातून त्या प्रिझमने जवळजवळ अडवता येतो. निळाई प्रतिबिंबाची असती, तर तो उजेड अडवल्यावर समुद्र फिका पडायला हवा होता. तो उलट अधिक गडद निळा दिसला. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. रामन यांनी ‘नेचर’ला पत्र लिहिलं. त्यावरची तारीख 26 सप्टेंबर 1921 आणि ठिकाण मुंबई बंदर. पाणी तांबडा रंग शोषून घेतं, त्याचाही या निळाईत मोठा वाटा आहे, हे आज आपण जाणतो. पण रेणू आणि प्रकाश यांच्या व्यवहाराचा जो पाठपुरावा रामन यांनी त्या प्रवासात धरला, तो 28 फेब्रुवारी 1928 ला ‘रामन परिणाम’ हाती लागेपर्यंत सुटला नाही.

ही गोष्ट मी नववीच्या वर्गात सांगत असे. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, मग आपला समुद्र असा मातकट का?” मुलगा गिरगावचा. त्याने समुद्र पाहिलेला तो चौपाटीचा.

मला वाटतं, आज आपण ज्याला नॅनोविज्ञान म्हणतो त्याचा अख्खा पहिला धडा या प्रश्नात आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण त्याहून पुष्कळ लहान असला, तर तो निळा उजेड जास्त विखुरतो आणि तांबडा कमी. कण तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठा झाला की तो सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतो. आपल्या चौपाटीच्या पाण्यात गाळाचे मोठे कण असतात, शिवाय माती निळा रंग शोषून घेते, म्हणून पाणी तपकिरी दिसतं. घरी उदबत्तीच्या टोकाशी निघणारा धूर काळ्या कपड्यासमोर धरून पाहा, निळसर दिसेल. चहाच्या किटलीची वाफ पांढरी, कारण तिच्यातले थेंब मोठे. प्रकाशाला कणाचा आकार कळतो, आणि तो आपल्याला रंगाच्या भाषेत सांगतो.

मी 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. रेणू हा शब्द मुलं पाचवी-सहावीपासून लिहितात, व्याख्या बरोबर लिहितात, गुण मिळवतात. पण रेणू खराच आहे, त्याला लांबी आहे, तो कुठेतरी मावतो, यावर त्यांचा विश्वास बसलेला नसतो. एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेले होते. थर्माकोलचं सुंदर प्रतिरूप मांडून एका मुलाने नॅनो तंत्रज्ञानाचे बारा उपयोग न अडखळता म्हणून दाखवले. मी विचारलं, “बाळा, नॅनोमीटर मोठा की रक्तातली तांबडी पेशी?” त्याने आपल्या शिक्षकांकडे पाहिलं. पेशी 7,000 नॅनोमीटरच्या आसपास असते. चूक त्याची नव्हती. आपण त्याला उपयोग दिले, माप दिलंच नाही. मला ते फार लागलं, आणि त्या दिवसापासून मी नॅनो शिकवायची सुरुवात परातीने करू लागले.

परातीत बोट बुडेल इतकं पाणी घ्यायचं आणि ते पूर्ण निवू द्यायचं. त्यावर पातळ फडक्यातून टाल्कम पावडर भुरभुरवायची, अगदी थोडी; जाड थर झाला की तेलाला पसरता येत नाही. विजेच्या वायरच्या आतली एक बारीक तांब्याची तार घ्यायची, तिचं टोक वाकवायचं, गोडेतेलात बुडवून झटकायचं. टोकाला इवलासा थेंब लोंबत राहतो. तो पट्टीला लागून धरायचा, भिंगातून पाहायचा, आणि अर्ध्या मिलिमीटरचा मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. इथे मुलांना घाई करू देऊ नका. हा थेंब मोजणं हाच प्रयोगाचा जीव आहे. मग तार पाण्याच्या मधोमध नुसती टेकवायची.

पापणी लवायच्या आत पावडर मागे सरते. मधे स्वच्छ गोल उघडतो आणि थांबतो. वर्गातून “अरे!” असा आवाज येतो, दर वर्षी येतो. पट्टीने गोलाचा व्यास मोजला तर 20 सेंटिमीटरच्या आसपास भरतो.

आता हिशोब मुलांनी करायचा, फळ्यावर आपण नाही. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचं घनफळ सुमारे 0.065 घन मिलिमीटर. गोलाचं क्षेत्रफळ सुमारे 31,400 चौरस मिलिमीटर. भागाकार केला की जाडी येते 0.000002 मिलिमीटर. म्हणजे 2 नॅनोमीटर. कुणाचं दीड येतं, कुणाचं तीन, ते सगळं वहीत तसंच राहू द्यावं. मग एकच प्रश्न विचारायचा : तेलाचा थर एका रेणूपेक्षा पातळ होऊ शकेल का? नाही. तर मग पाण्यावर उभा असलेला तेलाचा रेणू याहून उंच असू शकत नाही. चौदा वर्षांच्या मुलाने परात, तार आणि पट्टी वापरून रेणूला माप लावलेलं असतं. नखं सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतात, हे मी त्याच्यानंतर सांगते. आधी सांगितलं तर ती फक्त गंमत राहते.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम इथल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि जवळजवळ अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. हे त्यांनी 1774 साली छापलं. तो भागाकार मात्र त्यांनी केला नाही. केला असता तर उत्तर आपल्या परातीतलंच आलं असतं.

पहिल्या वर्षी हा प्रयोग माझ्या हातून साफ फसला. थेंब पसरलाच नाही, भिंगासारखा गोल होऊन तरंगत राहिला. दोनदा केलं, तिसऱ्यांदाही तेच. तास संपत आला होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, परात साबणाने घासलीये का? साबण आधीच येऊन बसलाय. तेलाला जागा कुठे आहे?” तिच्या घरी भांडी तीच घासायची. तिने जे ओळखलं ते पृष्ठताणाचं शास्त्र होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला ॲग्नेस पॉकेल्सची गोष्ट सांगितली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची ही मुलगी. विद्यापीठाची दारं तेव्हा तिथल्या मुलींना बंद होती. घरकाम सांभाळून तिने पाण्यावरच्या तेलकट थराचा अभ्यास घरीच, साध्या पत्र्याच्या हौदात केला, आणि लॉर्ड रॅले यांना पत्र पाठवलं. त्यांनी ते 1891 साली ‘नेचर’मध्ये छापवून आणलं.

रेणूचं माप हातात आलं की रंगाकडे वळावं. आपल्या घरात त्यासाठी हळदीसारखी दुसरी वस्तू नाही. हळदीला रंग देणाऱ्या कुरकुमिनच्या लांबट रेणूत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. तो 425 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा उजेड गिळतो, उरतं ते पिवळं. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडला, साबण लावला की तो लाल होतो, हे वर्गातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. साबणातल्या अल्कलीमुळे रेणूतला हायड्रोजन सुटतो, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो दुसरा उजेड गिळू लागतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच जोरावर. आणि तोच शर्ट आई चाळीच्या गॅलरीत उन्हात टाकते तेव्हा डाग फिका पडतो, कारण प्रकाशाने तो रेणूच मोडतो. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च हळदीच्या स्पिरिटमधल्या द्रावणावर धरा, हिरवट-पिवळं चमकेल. टॉर्च डोळ्यांवर जाऊ देऊ नका.

आता सोनं. झवेरी बाजाराच्या शहरात मुलांना सोन्याचा रंग विचारला तर सगळे पिवळा म्हणतात. पातळ वरख दोन काचांमध्ये धरून उजेडाकडे पाहिला तर तो हिरवट-निळा दिसतो. आणि मायकेल फॅरेडे यांनी सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात केले की पाणी माणकासारखं लाल झालं. 1857 साली त्यांनी ते मांडलं, आणि त्यांच्या त्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर मागे-पुढे हलतात. कण 20 नॅनोमीटरच्या आसपासचा असला की हिरव्या उजेडाशी त्यांची लय जुळते, झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लागावा तशी. हिरवा उजेड शोषला जातो आणि लाल पुढे जातो. त्यात चिमूटभर मीठ टाकलं तर कण एकमेकांना चिकटतात, लय बदलते, लाल पाणी डोळ्यांदेखत जांभळं-निळं होतं. सोनं तेवढंच आहे, बाटलीही तीच. कोविडच्या घरगुती चाचणीत पट्टीवर जी लालसर रेघ उमटायची, ती पुष्कळ पट्ट्यांमध्ये अशाच सोन्याच्या कणांची असे. ती रेघ मुलांनी जीव मुठीत धरून पाहिलेली आहे. ती सोन्याची होती हे त्यांना सांगा. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या क्वांटम डॉट्सना, म्हणजे अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या कणांना, मिळालं, तिथे कारण वेगळं आहे, पण आकाराने रंग ठरतो हे तिथेही खरंच.

बोलणं पुरे. खाली टेबलावर सहा पराती मांडल्या आहेत. सकाळी मी त्या स्वतः नुसत्या पाण्याने चार वेळा विसळल्या आहेत, साबण लागलेला नाही. पट्ट्या, भिंगं आणि तारा शेजारी आहेत. पाच-पाच जणांनी एकेका परातीशी यावं, वही घेऊन. आणि कुणीतरी पंखे बंद करा, पावडर उडेल.