ठराव होण्याआधीचे सात दिवस

(पुण्यातील एका नागरिक मेळाव्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

२०२३ च्या नोव्हेंबरात पीटी-३ चा अर्ज भरायला तुमच्यापैकी कोण कोण गेलं होतं? बरेच हात वर झाले. मीही गेलो होतो. आपल्या घरात आपणच राहतो, याचे कागद जोडायचे आणि मिळकतकरातली चाळीस टक्के सवलत मिळवायची. ही सवलत मुळात आली कुठून? १९७० साली महापालिकेच्या मुख्य सभेनं, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेनं, केलेल्या एका ठरावातून. २०१८ मध्ये राज्य सरकारनं ती काढून घेतली, २०२३ मध्ये पुन्हा दिली. त्या एका ठरावाचा परिणाम आज पन्नासहून अधिक वर्षांनीही आपल्या बिलावर दिसतो. म्हणून मी म्हणतो, मुख्य सभेत काय येणार आहे, ते आधी कळायला हवं.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि पुण्याला पुन्हा सभागृह मिळालं. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. त्याआधीच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेलं असताना आपण जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या सहीवर काढली. २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं अंदाजपत्रक ज्यांनी मांडलं, त्यांनीच मंजूर केलं. मला याचं मनापासून दुःख आहे. अधिकारी कितीही कष्टाळू असोत, मांडणारा एक आणि प्रश्न विचारणारा दुसरा, ही सोयच त्या काळात नव्हती. आता ती परत आली आहे. तिचा उपयोग करायचा, तर एखादा विषय कोणत्या वाटेनं जातो ते माहीत हवं.

खात्याकडून प्रस्ताव निघतो, आयुक्तांच्या सहीनं त्याचं विषयपत्र होतं आणि ते समितीकडे जातं. पैशाचा विषय असेल तर स्थायी समितीकडे. ही सोळा जणांची समिती, आठवड्याला बसते. मोठ्या निविदा तिथं मंजूर होतात आणि तिथं आपल्याला बसता येत नाही. मुख्य सभेत मात्र प्रेक्षकांना जागा असते. तिची विषयपत्रिका, म्हणजे सभेपुढच्या विषयांची यादी, सभेचं कामकाज सांभाळणारे नगरसचिव काढतात आणि सर्वसाधारणपणे पूर्ण सात दिवस आधी सूचना द्यावी लागते. हे सात दिवस आपले. ठराव झाल्यावर निवेदन घेऊन जाणं म्हणजे वरात पुढं गेल्यावर घोडं आणणं.

विषयपत्रिकेत एक शब्द दिसला की तिथं थांबायचं: वर्गीकरण. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेली तरतूद वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. समजा, तुमच्या नाल्याच्या सीमाभिंतीला पैसे ठेवले होते. मार्चमध्ये अंदाजपत्रक मंजूर झालं, तुम्ही निर्धास्त झालात. दिवाळीनंतर दोन ओळींचा विषय येतो आणि ते पैसे दुसऱ्या प्रभागातल्या कमानीला जातात. त्या दोन ओळींत ‘नाला’ हा शब्द असेलच असं नाही, अर्थशीर्षकाचा क्रमांक असतो, म्हणजे अंदाजपत्रकात त्या कामाच्या तरतुदीला दिलेला क्रमांक. म्हणून आपल्या प्रभागातल्या पाच-सात कामांचे अर्थशीर्षक क्रमांक वहीत लिहून ठेवा. आमच्या गल्लीतल्या दोघी ताई हे काम वर्षानुवर्षं करतात. त्यांच्याइतका अंदाजपत्रकाचा अभ्यास मी फार थोड्या माणसांत पाहिला आहे. वर्गीकरण नेहमी वाईटच असतं असं मुळीच नाही, पावसानं रस्ता वाहून गेला तर पैसे कुठून तरी आणावेच लागतात. पण कोणत्या कामातून काढले, हे विचारलं गेलं पाहिजे.

असं विचारणाऱ्यांची या शहरात परंपरा आहे. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, म्हणून त्यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करायचा विषय आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असं म्हणत जोतीरावांनी त्याला विरोध केला. सभागृहात ते एकटे पडले. एक हजार रुपयांचा विषय, पण आज आपल्याला त्या सभेतलं तेवढंच आठवतं.

आता हरकतींबद्दल. शहराच्या विकास आराखड्यातलं एखादं आरक्षण, म्हणजे मैदान, शाळा अशा कामासाठी जागा राखून ठेवणं, बदलायचं असेल, तर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. फार वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या मैदानाच्या आरक्षणाबद्दल अशी सूचना आली होती. वर्तमानपत्रात बारीक टायपात छापलेली. मी ती वाचली, कापून ठेवली, शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करण्यात वेळ घालवला आणि हरकत नेली ती मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी. बेचाळीस सह्या होत्या. त्या कागदाचा उपयोग झाला नाही. चूक माझी होती, आणि ती मला अजून बोचते. एकाच्या सहीची हरकत मुदतीत गेली तरी ती नोंदली जाते. सुनावणीला बोलावणं येतं, तेव्हा बाकीच्यांना सोबत घेऊन जा. आधी पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारखेसह.

आणखी एक दार उघडं आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेतली जातात. पदपथ, बाक, दिवे, बसथांबा अशी छोटी कामं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, साधारण पावसाळ्याच्या अखेरीस. जागेचा नेमका पत्ता आणि फोटो जोडा. जागा महापालिकेच्या ताब्यात नसेल तर काम होत नाही, म्हणून आधी तेवढं तपासा.

मी एका विषयपत्रिकेच्या दहा प्रती काढून आणल्या आहेत. चहा झाल्यावर ज्यांना थांबता येईल त्यांनी चष्मा आणि पेन घेऊन पुढच्या रांगेत या, आपण पहिल्या विषयापासून एकत्र वाचायला घेऊ.