दोन फियाटची एक फियाट केली, तर आरसी बुक कुठलं?

नमस्कार मंडळी. समजा, आजोबांची 1968 ची फियाट डिलाइट घरामागे उभी आहे. आरसी बुक कपाटात जपून ठेवलंय, पण खालचा पत्रा इतका सडलाय की गाडीत बसलं की पाय थेट जमिनीला लागतील. दुसरीकडे कोणीतरी पद्मिनी, म्हणजे याच फियाटचं नंतरचं रूप, भंगारात काढतोय. पत्रा धड आहे, इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं, फक्त कागद नाहीत. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, दोन्हींची मिळून एक झकास करून देतो."

करून देईलही. दोघींचं इंजिन 1089 सीसीचं, बरेचसे पार्ट एकमेकींना बसणारे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात हेच घराणं वर्षानुवर्षं निघत होतं. पण जी गाडी उभी राहील ती कायद्याने डिलाइट की पद्मिनी? आणि ती नक्की तुमची का?

आपल्याकडे गाडीची ओळख चेसिस नंबरला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरला, बांधलेली असते. इंजिन नंबरही आरसीवर असतो, पण इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं. चेसिस नंबर मात्र आपल्या मर्जीने इकडचा तिकडे नेता येत नाही.

फियाटची गोम इथेच आहे. जुन्या जीपला खाली वेगळी चेसिस असते आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली असते. बॉडी उतरवून दुसरी चढवली तरी नंबर खालच्या फ्रेमवर जागच्या जागी राहतो. फियाट आणि अ‍ॅम्बेसिडर मात्र मोनोकॉक. म्हणजे वेगळी चेसिस नाहीच, पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. त्यामुळे "फक्त बॉडी बदलली हो" हे जीपवाल्याने म्हटलं तर एक वेळ समजून घेता येईल. फियाटवाल्याने म्हटलं, तर त्याने गाडीच बदललेली असते.

आता गॅरेजवाल्याचा बेत ऐका. आजोबांच्या गाडीतला नंबराचा पत्रा कापायचा, पद्मिनीच्या सांगाड्यात वेल्ड करायचा, वर पुट्टी आणि रंग. कागद आजोबांचे, गाडी पद्मिनी. हे रिस्टोरेशन नव्हे, ही सरळ सरळ बनवाबनवी. आणि ती लपतही नाही. ट्रान्सफरच्या वेळी नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवतात, तो ठसा माहीत असेल. भोवतीची जोडाची शिवण नीट घासली नसेल तर तीही त्या कागदावर उमटते. पुट्टी जाड थापली असेल तर तिथे लोहचुंबक धरत नाही. बारा गाड्यांचं पाणी प्यालेला इन्स्पेक्टर आधी तिथेच बोट ठेवतो.

बरं, पद्मिनी कोणाची होती? माल विक्री कायदा 1930 चं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याचा स्वतःचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. गाडी चोरीची निघाली तर तुम्ही मोजलेले पैसे, केलेलं वेल्डिंग, काहीच कामाला येत नाही. वर चोरीचा माल बाळगल्याची चौकशी मागे लागते. म्हणून भंगारातून नुसतं इंजिन घेतलं तरी विकणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ गाडीचा नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेली पावती घ्या. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) 'वाहन समन्वय' पोर्टलवर गाडी चोरीच्या नोंदीत आहे का ते बघता येतं.

मग कायदेशीर वाट कुठली? सांगाडा आजोबांचाच ठेवायचा. सडलेला पत्रा कापून नवा घालायचा. डेंटरचं काम वाढेल, बिलही वाढेल, पण नंबर आपल्या जागी राहील. पद्मिनीचं इंजिन, गिअरबॉक्स, दारं, काचा खुशाल घ्या. फक्त इंजिनासाठी आरटीओची परवानगी हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये इंजिन बदलाचा उल्लेख आहे. परवानगीशिवाय बदललं असेल तर 14 दिवसांत कळवून आरसी सादर करायची. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. आणि 2019 च्या दुरुस्तीत कलम 182अ आलं. नियमात न बसणारे बदल मालकाने केले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

पण अर्ज करणार कोण? आरसीवर आजोबा आहेत, आणि ते हयात नाहीत. आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करा. जुनं पुस्तक ऑनलाइन दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, घ्यावी लागते. आणि 1970 च्या आसपासच्या कर्जाचा बोजा त्या पुस्तकात अजून बसलेला असेल तर तोही उतरवा. ती बँक आता तिसऱ्याच बँकेत विलीन झालेली असते, तेव्हा चपला झिजवायची तयारी ठेवा.

पद्मिनीला कागद असते तर? तर तिच्या मालकाला सांगा, गाडी मोडली की 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा कर. कलम 55. नाहीतर गाडीचे तुकडे चार गॅरेजांत गेले तरी कागदावर ती जिवंतच, आणि मालक हाच. तिच्या नंबरवर उद्या दुसरीच गाडी फिरली तर पोलीस त्याच्याच दारात येणार.

आता हौशी लोकांचा लाडका युक्तिवाद. इंग्लंडमध्ये 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली आहे. तिने 1929 आणि 1930 ची फ्रान्समधली ल मां मोटार शर्यत जिंकली. नंतर तिचं इंजिन बदललं, बॉडी बदलली, बरंच काही बदललं. 1990 मध्ये सुमारे एक कोटी पौंडांच्या विक्रीवरून वाद कोर्टात गेला. न्यायाधीशांनी तिला 'ओल्ड नंबर वन' मानलं, कारण बदल टप्प्याटप्प्याने होत गेले आणि गाडीचा इतिहास कुठे तुटला नाही. युक्तिवाद झकास आहे, पण तो खटला विक्रीच्या कराराचा होता. आणि तिथे एका गाडीत बदल होत गेले होते. एका रात्रीत दोन गाड्या शिवल्या नव्हत्या.

व्हिंटेजचा विचार करत असाल तर आणखी एक. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण अट अशी की चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. पद्मिनीचं इंजिन घातलेली डिलाइट व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीपुढे न्याल तर हा प्रश्न येणारच. माझं मत विचाराल तर आजोबांचं मूळ इंजिन जाम असलं तरी भंगारात देऊ नका. रिबोअर (सिलिंडर आतून घासून नीट करणं) होतंय का बघा, नाहीतर तेल घालून शेडमध्ये ठेवून द्या.

इंजिन नंबर आरसीवर बदलून आला की त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवा आणि पॉलिसीवर दुरुस्ती करून घ्या. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडून दोन्ही नंबर कागदाशी ताडून बघतो.

तुमच्याकडे अशी दोघींची एक झालेली गाडी असेल तर कमेंटमध्ये लिहा. आरसीचा फोटो टाकणार असाल तर चेसिस नंबर आधी झाका.