थाळीएवढी ओल

हे बघा, मोसंबीच्या खोडापासून दीड-दोन फुटांवर ठिबकने जमीन एवढीच ओली झालीये, जेवणाच्या थाळीएवढी. बाकी सगळं कोरडं, भेगाळलेलं. जालना जिल्ह्यात एप्रिलमध्ये ही एवढीशी ओल म्हणजे काय असते ते २०१२-१३ चा दुष्काळ ज्याने बघितलाय त्याला विचारा. तेव्हा इथल्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला, आणि ज्यांना नाही जमलं त्यांनी लेकरासारखी वाढवलेली झाडं स्वतःच्या हाताने तोडली.

आता जरा हिशोब करू. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण १ लाख लिटर. पाटाने भिजवलं तर एका पाळीला दोन-तीन इंच सहज जातं, आणि त्यातलं कितीतरी दोन ओळींच्या मधल्या तणाला आणि वरच्या उन्हाला. ठिबकवर बघा, एकरात ११० झाडं, झाडाला ४ ड्रीपर (नळीवरची थेंब सोडणारी तोंडं), एक ड्रीपर तासाला ४ लिटर, रोज चार तास लाईट मिळाली तर ७ हजार लिटर. अख्ख्या आठवड्याचं ५० हजारांच्या आत बसतं!

पण नुसतं पाणी वाचतं म्हणून लोक ठिबककडे वळले असं नाही हो. खरी गोष्ट वाफशाची, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची आहे. पाटाचं पाणी दिलं की दोन दिवस चिखल, मग जरा वाफसा, मग पुन्हा तडे, म्हणजे मुळांनी एकदा बुडायचं नि एकदा उपाशी राहायचं. ठिबकने माती कायम ओलसर आणि भुसभुशीत राहते, व्हेंचुरीतून, म्हणजे नळीतल्या पाण्यात खत ओढून मिसळणाऱ्या जोडणीतून, खतही थेट मुळाशी जातं. आणि रात्रीच्या लाईटीला बॅटरी घेऊन चिखलात दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला जायचं, पायाखाली काय येईल याचा नेम नाही, तो त्रास घरच्यांनी वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून सोसलाय. आता एक व्हॉल्व्ह फिरवला की झालं.

अनुदान आहे, केंद्राचं आणि राज्याचं मिळून अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत, बाकीच्यांना ७५. पण आधी खर्च स्वतःचा, मग बिलं अपलोड करा, मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन पाहणी होऊ द्या, नंतर पैसे खात्यात. ज्याच्या हातात सुरुवातीलाच पैसा नाही तो इथेच अडकतो, आणि गरज तर त्यालाच जास्त आहे.

अजून एक, हे बोलायलाच पाहिजे. ठिबकने वाचलेलं पाणी विहिरीत राहत नाही, बहुतेक वेळा त्याच पाण्यावर अजून दोन एकर बाग लागते. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढतं, त्यात त्याची काही चूक नाही, पण जमिनीतलं पाणी तेवढंच उपसलं जातं आणि पाऊस चुकला की जुन्या बागेबरोबर नवीनही धोक्यात येते.

म्हणून जालन्याजवळचं कडवंची मला महत्त्वाचं वाटतं. तिथे १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, जालन्याच्या कृषी विज्ञान केंद्राला सोबत घेऊन गावाने आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं, मग प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी केली, आणि त्या पाण्यावर ठिबकने द्राक्षं उभी केली. २०१२ ला आजूबाजूला बागा जळत होत्या तेव्हा कडवंचीत द्राक्षाचे वेल हिरवे होते. क्रम बघा फक्त, पाणी आधी आणि नळ्या नंतर.

नळ्या टाकून विसरूनही चालत नाही. विहिरीच्या पाण्यातला क्षार ड्रीपरच्या तोंडाशी बसतो, खारुताई नळी कुरतडते, फिल्टर तुंबला की शेवटच्या झाडाला थेंबही पोचत नाही आणि ते कळतं पानं पिवळी पडल्यावर. म्हणून इथे संध्याकाळी ओळीच्या टोकाला जाऊन एकेका नळीचं एंड कॅप, म्हणजे टोकाचं झाकण काढतात. आधी मातकट पाणी येतं, त्यात क्षाराची पांढरी कपची. मग हळूहळू निवळ. तळहातावर धरून बघतात, आणि कॅप परत लावून पुढच्या ओळीला जातात.