उघड्यावरच्या गाडीचा रंग

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या सांगलीत गाडी घेतली की ती ठेवायची कुठे, हा प्रश्न पाठोपाठ येतो. गावभागातल्या बोळात गाडी वळवायचीच मारामार. विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला अपार्टमेंटं झाली, पण छपराखालची जागा सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. मग गाडी कंपाउंडच्या भिंतीला लागून किंवा झाडाखाली बारा महिने उभी. आमच्याकडे रंगकामाला येणारं गिऱ्हाईक सांगतं, "गाडी बाहेरच असते हो, रंग जायचाच." मला हे पटत नाही. बाहेर राहूनही दहा वर्षांनी टपात आपला चेहरा दिसेल अशा गाड्या सांगलीत आहेत, आणि छपराखाली ठेवून तीन-चार वर्षांत निस्तेज झालेल्याही आहेत. छपराने फरक पडतोच. त्याहून जास्त फरक गाडीला हात कसा लागतो, याने पडतो.

आधी रंग म्हणजे काय ते बघू. पत्र्यावर गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, मग आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. आम्ही कारागीर त्याला लॅकर किंवा नुसतं क्लिअर म्हणतो. चकाकी याच थराची, आणि उन्हातले अतिनील किरण अंगावर घेण्याचं कामही याचंच. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. दर वेळी बफिंग केलं, म्हणजे घासून चकाकी आणली, की त्यातला थोडा भाग घासून जातो. म्हणून दर दिवाळीला गाडी 'रबिंग-पॉलिश' करून चमकवणाऱ्यांना मी हात जोडतो. लॅकर एकदा संपला, टपावर पांढरे पापुद्रे सुटू लागले, की कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही. पत्रा घासून नव्याने रंग मारावा लागतो.

आता सकाळचं चित्र आठवा. गाडीवर रात्रभर धूळ बसलेली असते. कामावर जायची घाई. डिकीतून फडकं निघतं आणि कोरडंच बॉनेटवर फिरतं. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. फडक्याखाली सापडले की ते पॉलिश पेपरचंच काम करतात. गाडी उन्हात उभी करून बॉनेटवर तिरकं बघा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील. ते उन्हाने आलेले नाहीत, फडक्याने आले आहेत. धूळ बसली तर बसू द्या. पुसायचीच असेल तर आधी भरपूर पाणी सोडा.

धुण्याचीही रीत आहे. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागतोय तेव्हाच धुवायची. आधी नुसत्या पाण्याने माती सोडवायची, वरून खाली. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड प्रत्येक खेपेला साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. दारं आणि चाकांजवळचा भाग शेवटी, कारण खरी वाळू तिथेच. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड नको, त्याने वॅक्स, म्हणजे रंगावर लावलेला मेणाचा पातळ थर, निघून जातं. बोअरचं जड पाणी असेल तर गाडी तशीच वाळू देऊ नका. क्षारांचे पांढरे गोल उमटतात आणि उन्हात पक्के होतात. मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने लगेच टिपून घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहतो ते पक्ष्यांच्या विष्ठेने झालेलं. तिच्यात आम्ल असतं, पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. मे महिन्यातल्या दुपारी काळ्या गाडीचं बॉनेट सत्तर अंशांच्या आसपास तापतं. लॅकर मऊ पडतो, फुगतो. संध्याकाळी थंड होताना तो आकसतो आणि विष्ठेच्या खडबडीत कडेभोवती आवळून बसतो. दुसऱ्या दिवशी धुतलं तरी तिथे डाग राहतो. बोट फिरवलं तर कड नखाला लागते. डाग खोल असेल तर बफिंगनेही जात नाही. म्हणून डिकीत पाण्याची बाटली आणि दोन जुने सुती रुमाल कायम ठेवा. रुमाल भिजवून डागावर ठेवायचा, पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा, मग चिमटीत धरून वर उचलायचा. घासायचं नाही. जांभळाच्या दिवसात तर संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबू नये.

बाकीचा त्रास आपल्या मुलखाचा, ऋतूंप्रमाणे येणारा. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, उसाचे फड पेटले, की काजळी उडते आणि पांढऱ्या गाडीवर काळी फुलं पडतात. त्यावर हात फिरवला की काळे फराटे उठतात. पाण्याच्या धारेने ती अलगद निघतात. आंब्याला मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि खाली उभ्या गाडीवर चिकटा पडतो. त्याला कोमट पाणी आणि शाम्पू पुरतो, पण वेळेत. तासगाव, मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात बांधाला गाडी लावणाऱ्यांना बोर्डोचे निळसर ठिपके ओळखीचे आहेत. मोरचूद आणि चुन्याची ती फवारणी वाऱ्याने आली तर त्याच दिवशी धुवून टाका. फवारणी चालू असताना गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावली तर तो प्रश्नच नको. मिरज जंक्शनजवळ रुळांलगत गाडी लावणाऱ्यांच्या पांढऱ्या रंगावर नारिंगी टिकल्या दिसतात. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण आहेत ते, रंगात रुतून गंजतात. नखाने खरवडू नका. कारागिराकडून क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, काढून घ्या.

जागा निवडताना थोडा विचार करा. दुपारनंतरची सावली हवी असेल तर गाडी इमारतीच्या पूर्वेला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा उत्तरेची बाजू चांगली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र आपल्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीचा उपयोग थोडाच. झाडाची सावली मोफत असते, पण तिथे पक्षी आणि चिकटाही असतो. माझ्या मते धुवायला दोन मिनिटं नसतील त्याने झाडाखाली लावू नये.

कव्हरबद्दल सगळेच विचारतात. रोज फिरणाऱ्या गाडीला मी कव्हर सांगत नाही. धुळीच्या अंगावर कव्हर ओढायचं, ते वाऱ्यात फडफडायचं आणि सकाळी परत खेचून काढायचं, म्हणजे तेच कोरडं फडकं झालं, फक्त गाडीएवढं मोठं. गाडी महिना-दोन महिने उभीच राहणार असेल तर जरूर घाला. हवा खेळेल असं कापड, आतून मऊ अस्तर, मापाचं, पोटाखालून पट्ट्याने बांधलेलं. गाडी धुतलेली, कोरडी आणि थंड हवी. प्लास्टिक किंवा ताडपत्री थेट रंगावर नको, आत वाफ धरते. पावसात कव्हर भिजलं तर ऊन पडताच काढून वाळवा.

त्यापेक्षा जागा स्वतःची असेल तर शेडनेट घाला. द्राक्षबागेचा मांडव उभा करणाऱ्या माणसांना हे काम काही नवीन नाही. चार खांब आणि वर ताणून बांधलेली पन्नास किंवा पंचाहत्तर टक्क्यांची जाळी. टपापासून तीन-चार फूट उंच ठेवा, म्हणजे वळवाच्या वाऱ्यात ती गाडीला घासणार नाही. सोसायटीत असाल तर आधी विचारून घ्या.

वॅक्स वर्षातून तीनदा लावा, होळीच्या सुमारास, पावसाआधी आणि दिवाळीनंतर. गाडीवर पाणी टाकल्यावर थेंब गोल होऊन पळाले तर वॅक्स शाबूत आहे. पाणी पसरून बसलं तर वेळ झाली. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे लॅकरवर चढवलेला कडक पारदर्शक लेप, जास्त टिकतं, धुणं सोपं होतं, पण ते केलं म्हणून विष्ठेचा डाग पडणारच नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि मृगाआधी एकदा गाडीभोवती सावकाश फिरा. बॉनेटच्या कडेला, दारांच्या काठाला, चाकावरच्या कमानीत खडीने उडालेले टवके शोधा. पत्रा उघडा दिसत असेल तर स्वच्छ करून टच-अप लावून घ्या, कंपनीच्या रंगाच्या कोडनुसार. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला साचलेला असेल तो हाताने काढा. तिथली पाणी जायची भोकं बुजली की ओल धरते आणि पत्रा आतून सडायला सुरुवात होते. ते बाहेरून दिसेपर्यंत काम आमच्या हाताबाहेर गेलेलं असतं.

नमस्कार.