धूर आधी पाण्यात उतरू द्या
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहायला आल्यावर आपल्यापैकी बहुतेकांची ग्रिट्स या मक्याच्या पदार्थाशी पहिली गाठ पडते ती महामार्गालगतच्या एखाद्या उपाहारगृहात, सकाळच्या घाईत. ताटलीत अंड्यांच्या शेजारी एक पांढरा, बेचव, गार होत चाललेला गोळा येतो. आपण त्यावर मिरपूड घालतो, दोन चमचे खातो आणि हा पदार्थ आपल्यासाठी नाही असा निकाल देऊन मोकळे होतो. मीही तोच निकाल दिला होता आणि तो कित्येक वर्षे टिकला. पुढे एका शेजारीणबाईंनी स्वयंपाकघरात उभे करून धुरी दिलेल्या मांसाच्या पाण्यात शिजलेले ग्रिट्स वाढले, तेव्हा कळले की दोष मक्याचा नव्हता, त्याला जे पाजले होते त्याचा होता.

ग्रिट्स म्हणजे वाळलेल्या मक्याच्या कण्या. ज्यांच्या घरी ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाशी खात असत, त्यांना यापेक्षा अधिक व्याख्येची गरज नाही. जो मका वापरतात तो कोवळ्या कणसाचा गोड मका नव्हे. वाळल्यावर दाण्याच्या डोक्याला खळगा पडतो तो पिठूळ जातीचा मका. दगडी जात्यावर भरडला की त्यात अंकुराचा भागही राहतो आणि त्या अंकुरातल्या तेलामुळेच मक्याचा खरा वास येतो. मात्र तेच तेल खवट होते, म्हणून जात्यावरच्या कण्या फ्रीझरमध्ये ठेवाव्या लागतात. पाच मिनिटांत शिजणाऱ्या पाकिटातल्या कण्या बारीक असतात आणि त्यांतला अंकुर सहसा काढून टाकलेला असतो. त्या महिनोन्‌महिने टिकतात, पण त्यांत टिकण्यासारखे फारसे काही उरलेलेही नसते.

हे अन्न मुळात इथल्या आदिवासींचे. मस्कोगी लोकांची ‘सॉफकी’ ही मक्याची पातळ पेज, आणि ‘हॉमिनी’ (साल सोडवलेला मका) हा शब्द व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या पॉव्हटन लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आलेला. लाकडाच्या राखेच्या पाण्यात मका उकळून त्याची साल सोडवण्याची त्यांची रीत होती. तिच्यामुळे मक्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मका उचलला, राख मात्र पुष्कळदा मागेच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतला गरीब माणूस मक्याचे पीठ, काकवी आणि खारवलेली डुकराची चरबी एवढ्यावर जगत होता आणि पेलाग्रा नावाच्या रोगाने मरत होता. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने 1914 पासून हा रोग संसर्गाचा नसून आहारातल्या उणिवेचा आहे हे दाखवायला सुरुवात केली. ती उणीव नेमकी नायसिनची, हे 1937 साली कळले. आपल्याकडेही दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या भागात हाच रोग दिसला आणि हैदराबादच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. हे सांगायचे कारण इतकेच की, ताटात मांस आणि भाजी आली ती शोभेसाठी नव्हे. ज्या घरात ती होती, तिथे ग्रिट्स हे जेवण होते. जिथे नव्हती, तिथे नुसते पोट भरणे होते. जॉर्जियाने 2002 साली ग्रिट्सना राज्याचा अधिकृत ‘तयार पदार्थ’ ठरवले, तेव्हा ही दुसरी बाजू कुणी आठवली असेल असे मला वाटत नाही.

आता चुलीकडे वळू. मांस कोणते? हिवाळ्यात डुक्कर मारून, मिठात मुरवून, हिकरीच्या लाकडाची धुरी देऊन ते टिकवायचे, ही इथली जुनी पद्धत. त्यातून डुकराच्या पायाचा सांध्याजवळचा तुकडा अशा रश्शासाठी घेतात. लुईझियाना राज्यात अँडुई नावाचे धुरी दिलेले सॉसेज किंवा टासो नावाचे तिखट मसाल्यातले डुकराचे मांस वापरतात. आपल्या मंडळींत डुक्कर न खाणारे बरेच आहेत, म्हणून मी टर्की पक्ष्याची धुरी दिलेली तंगडी घेतो. ही काही आपली तडजोड नव्हे, इथल्या कितीतरी कृष्णवर्णीय घरांतही आज तीच वापरतात.

ती तंगडी अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्या आणि तमालपत्रासह दोन लिटर पाण्यात घालून मंद आचेवर दीड-दोन तास ठेवावी. पाणी खळखळता कामा नये, नुसते हलत राहावे. मांस हाडावरून आपोआप सुटू लागले आणि पाणी फिकट चहाच्या रंगाचे झाले की तंगडी काढून मांसाचे तुकडे करावेत, पाणी गाळून घ्यावे आणि चाखावे. इथेच पहिल्या वेळी माझी फजिती झाली होती. मी सवयीने आधीच मीठ घातले. तंगडीत मुरलेले मीठ पाण्यात उतरले, पुढे ते पाणी कण्यांत आटले आणि चीज घालेपर्यंत पातेल्यातले सगळे खारट झाले. म्हणून मीठ अगदी शेवटी, तेही लागलेच तर. पाणी आताच खारट वाटले तर त्यात साधे पाणी मिसळावे.

बहुतेक जण कण्या साध्या पाण्यात शिजवतात आणि वर मांस पसरतात. मग धूर वरच राहतो आणि खाली पुन्हा तोच बेचव गोळा. कणीच्या पोटात चव जाते ती ती फुगत असताना; एकदा पाणी पिऊन झाले की तिला दुसरे काही नको असते.

जात्यावरच्या एक वाटी कण्या गार पाण्यात टाकून ढवळाव्यात. कोंडा आणि फोलपटे वर तरंगतात, ती पळीने काढून टाकावीत. पाकिटातल्या कण्यांत जीवनसत्त्वे वरून घातलेली असतात, त्या मात्र धुऊ नयेत. जाड बुडाच्या पातेल्यात त्याच वाटीने चार वाट्या गाळलेले पाणी उकळावे आणि एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने कण्या धारेने सोडाव्यात. एकदम ओतल्या तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत, हे उपमा करणाऱ्यांना सांगायला नको. दाटसर होताच आच अगदी कमी करावी, कारण रटरटू लागल्यावर हे मिश्रण पिठल्यासारखे उडते आणि हात भाजते. झाकण अर्धवट ठेवून, चार-पाच मिनिटांनी तळापासून ढवळत, तास तरी द्यावा. घट्ट झाले की उरलेले गरम पाणी पळीपळीने घालावे. शिजले की नाही, हे घट्टपणावरून ठरवू नये, तिथेच बहुतेक फसतात. चिमूटभर जिभेवर घेऊन दाताखाली कचकच लागते का ते पाहावे.

तोवर दुसऱ्या शेगडीवर भाजी. कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची, ज्याला लुईझियानात ‘पवित्र त्रिकूट’ म्हणतात, ती थोड्या लोण्यात मऊ होईपर्यंत परतावी. मग लसूण, टोमॅटो, किंचित लाल तिखट आणि मांसाचे तुकडे. कॉलर्ड या कोबीच्या जातीच्या पालेभाजीची पाने मला यात फार आवडतात. मधला दांडा काढून, पाने गुंडाळून बारीक चिरावीत आणि तंगडीच्याच थोड्या पाण्यात वेगळी शिजवावीत; ती चिवट असल्यामुळे पाऊण तास सहज घेतात. खाली उरणाऱ्या हिरवट पाण्याला इथे ‘पॉट लिकर’ म्हणतात. ते ओतून देणे इथल्या आज्यांना सहन होत नाही आणि त्या बरोबरच आहेत. भेंडीही चालते, पण ती वेगळी, मोठ्या आचेवर परतून वरून घालावी, नाहीतर तार सुटते.

कण्या झाल्या की पातेले खाली उतरवून मग लोणी आणि किसलेले जुने चेडर घालावे; आचेवर घातले तर चीजचे तेल सुटते. खोलगट ताटलीत कण्या, मधे खळगा करून त्यात मांस आणि भाजी, आणि त्यावर पळीभर पॉट लिकर. वाढायला उशीर करू नये, कारण हा पदार्थ गार होताना आवळत जातो.

तोच आवळण्याचा गुण दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो. उरलेले ग्रिट्स तूप लावलेल्या थाळीत थापून ठेवावेत आणि सकाळी कोथिंबीर वडीसारखे चौकोनी तुकडे पाडून तव्यावर दोन्ही बाजूंनी खमंग भाजावेत. पातेल्यात मात्र जेवायला बसण्याआधीच पाणी ओतून ठेवा. वाळलेले ग्रिट्स खरवडताना मी एक लाकडी उलथने मोडले आहे.