पंधरा फेऱ्या, सोळा मात्रा

(पहाट. गोल्फ क्लब मैदान. सुरुवातीला फक्त पावलांचा आवाज.)

नोव्हेंबरातल्या पहाटे साडेपाच वाजता नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर उजाडलेले नसते, पण फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली असते. कानटोप्या आणि शालींच्या त्या गर्दीतून निळ्या जर्सीतली जी मुलगी पुढे निघून जाताना दिसते, ती नववीत शिकते. शालेय स्पर्धांत सतरा वर्षांखालील गटात ती ३००० मीटर धावते आणि संध्याकाळी रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या वाड्यात तबला शिकते. ती अल्पवयीन आहे, म्हणून तिचे नाव या चित्रफितीत घेतलेले नाही.

या दोन्ही गोष्टी नाशिकला परक्या नाहीत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. ती गोष्ट ऐकल्याशिवाय मैदानावर नव्याने आलेल्या मुलांचा पहिला आठवडा संपत नाही. आणि ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय हे संगीत विद्यालय सुरू केले, ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात नाशिकमध्येच राहिले होते. त्याच परंपरेतून आलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षेची तयारी ही मुलगी करत आहे.

(शाळेचे मैदान. चुन्याच्या रेषा.)

शाळेचे मैदान लहान आहे. चुन्याने आखलेली एक फेरी २०० मीटरची भरते, त्यामुळे मोठ्या धावपट्टीवर साडेसात फेऱ्यांत संपणारी शर्यत इथे पंधरा फेऱ्यांची होते. फेऱ्या मोजण्यासाठी तिने तीनतालाच्या सोळा मात्रा वापरायला सुरुवात केली, ती कुणी शिकवले म्हणून नव्हे. पहिली फेरी सम, म्हणजे तालाची सुरुवात, पाचवी आणि तेरावी टाळी, नववी खाली, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडलेली मात्रा. नवव्या फेरीत वेग पडतो हे तिला धावणे शिकवणाऱ्या सरांच्या वहीतही नोंदलेले आहे. त्या फेरीला ते दोघे आता ‘खाली’ असेच म्हणतात. सोळावी मात्रा मात्र मैदानावर येत नाही.

(वाडा. खिडकीतून येणारे संध्याकाळचे ऊन. हातोडीचा आवाज.)

इथे थोडे थांबून पाहावे. तबला वाजवण्याआधी तो स्वरात लावावा लागतो, आणि गुरुजी हे काम विद्यार्थ्यांकडूनच करून घेतात. पुडीभोवती, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या चामड्याभोवती, विणलेल्या गजऱ्यावर हातोडीचा हलका ठोका वरून दिला की स्वर चढतो, खालून दिला की उतरतो. फरक मोठा असेल तर वाद्यांखाली, म्हणजे पुडी ताणून धरणाऱ्या चामडी पट्ट्यांखाली, अडकवलेले लाकडी गठ्ठे सरकवावे लागतात. काठावरची सोळाही घरे, म्हणजे त्या पट्ट्यांमधल्या जागा, एकाच स्वरात बोलू लागेपर्यंत ठेका सुरू होत नाही. पावसाळ्यात दमट हवेने चामडे सैल पडते आणि स्वर उतरतो; थंडीच्या कोरड्या हवेत तोच तबला चढा लागतो. पहिल्या वर्षी या कामाला तिची वीस मिनिटे जात. तासाभराच्या शिकवणीतली वीस मिनिटे या कामात जातात हे पाहून घरच्यांचा जीव खालीवर होई, पण गुरुजींनी ती कधी वाचवू दिली नाहीत. ऐकण्याची सवय तिथेच लागते, असे ते म्हणतात, आणि चित्रीकरणाच्या चार दिवसांत आम्हालाही ते पटले.

(मांडी घालून बसलेली मुलगी. पाय, गुडघा, डग्ग्यावरचे मनगट.)

लोक तिला नेहमी वेळेबद्दल विचारतात. वेळ कसा पुरतो, अभ्यास कधी करतेस, झोपतेस किती. वेळ पुरत होता; रात्री नऊला झोपून पावणेपाचला उठले की पावणेआठ तास झोप होते. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असते, म्हणून रविवारी आणि हलक्या धावण्याच्या दिवशी तिला उशिरा उठण्याची मुभा आहे. अडचण शरीराची होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सर जोरकस फेऱ्या काढून घेत, आणि वर्षानुवर्षे त्याच दोन संध्याकाळी गुरुजींची शिकवणी असे. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असताना तासभर मांडी घालून बसले की पायाला मुंग्या येतात, कंबर खचते, मग शरीराचा भार डाव्या मनगटावर जातो आणि डग्ग्याची घुमक बंद पडते. गुरुजींना वाटे की रियाझ होत नाही. सरांना वाटे की मुलीचे मन मैदानात नाही. दोघेही तिला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते: एक काहीतरी निवड.

जुलैमध्ये तिने स्वयंपाकघराच्या दाराला चौकटी आखलेला हा मोठा कागद चिकटवला. आडव्या ओळीत वार आणि उभ्या रकान्यात मैदान, तबला, शाळा, झोप. लाल रंग जोरकस धावण्याचा, पिवळा हलक्या धावण्याचा, निळा रियाझाचा. जिथे लाल आणि निळा एकाच दिवसात आले, तिथे तिने काहीही लिहिले नाही, फक्त पेन्सिलने गोल केला. महिनाभरात असे नऊ गोल झाले. तो कागद गुंडाळून ती आधी वाड्यात आणि मग मैदानावर घेऊन गेली.

गुरुजी आणि सर एकमेकांना पहिल्यांदा त्यानंतर भेटले. शिकवणी सोमवारी आणि गुरुवारी गेली. पायांना विश्रांती मिळालेली असते असे ते दिवस आहेत. परीक्षेच्या आणि स्पर्धेच्या तारखा दोघे एकमेकांना कळवू लागले. मुलाने वेळेचे नियोजन शिकावे असे आपण सहज म्हणतो, पण चौदा वर्षांच्या मुलीला दोन मोठ्या माणसांचे वार बदलता येत नाहीत. ते काम मोठ्यांचेच आहे, आणि ते एका संध्याकाळच्या चहात झाले. दहावीच्या निकालात खेळाचे आणि शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून दोन्ही चालू ठेवावे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या दोघांच्या बोलण्यात गुणांचा विषय निघाला नाही, याची नोंद इथे करावीशी वाटते.

(ढोल पथकाचा सराव. दुरून ती पाहते आहे.)

गणेशोत्सवाआधी मैत्रिणी ढोल पथकात गेल्या. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या मुलीला सरावाच्या बाजूने सायकल काढणे सोपे नव्हते. ती पथकात गेली नाही.

महापालिका स्तरावर ती दुसरी आली, विभागीय स्पर्धेत सहावी, आणि पहिल्या सत्रात तिचे गणिताचे गुण उतरले.

(वाडा. सोमवार. बारीक हातोडी, मग शांतता.)

तबला आता सहा मिनिटांत लागतो. स्वयंपाकघराच्या दारावर नवा कागद आहे. त्यात सोमवारचा आणि गुरुवारचा रकाना गुरुजींच्या अक्षरात भरलेला आहे, मंगळवारचा आणि शुक्रवारचा सरांच्या, आणि शनिवारची दुपार तिने अजून कोरी ठेवली आहे.

(तीनतालाचा ठेका, विलंबित लयीत. निवेदन नाही.)