झिंझोटीतलं 'वंदे मातरम्'

श्रोतेहो, नमस्कार.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर म्हटलं की आपल्याला त्यांची नाट्यपदं आठवतात, प्रभातच्या बोलपटांचं संगीत आठवतं. मला आज त्यांची आठवण होते ती राष्ट्रगीतामुळं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपलं राष्ट्रगीत ठरलेलं नव्हतं. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेची बैठक सुरू झाली ती सुचेता कृपलानींनी गायिलेल्या 'वंदे मातरम्'नं. त्याच वर्षी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाला विचारणा झाली, तुमचं राष्ट्रगीत कोणतं? हाताशी 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती. तिथल्या वाद्यवृंदानं ती चाल बसवली, वाजवली, आणि जमलेल्यांना ती फार आवडली.

२५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी हा प्रसंग सभागृहात सांगितला. राष्ट्रगीतात शब्दांहून चालीला महत्त्व जास्त, आणि 'वंदे मातरम्' वाद्यवृंदावर नीट बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मास्टरांनी या आक्षेपाला गाऊनच उत्तर दिलं. झिंझोटी रागात त्यांनी 'वंदे मातरम्'ची अशी चाल बांधली होती, की चार माणसांना एका सुरात म्हणता यावी. ती त्यांनी बँडवर बसवून घेतली आणि दिल्लीत जाऊन ऐकवली. आयुष्यभर ताना-आलापांत रमलेल्या गवयानं सामान्य माणसाच्या गळ्यासाठी चाल इतकी सोपी करावी, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

पण निर्णय वेगळा झाला. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसादांनी निवेदन केलं : 'जन गण मन' हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात गाजलेल्या 'वंदे मातरम्'ला त्याच्याइतकाच मान. ठराव नाही, मतदान नाही. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. रवींद्रनाथांचं हे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायिलं गेलं होतं. त्याची कडवी पाच. राष्ट्रगीत म्हणून घेतलं ते पहिलं. म्हणायला ५२ सेकंद लागतात.

निवड चांगलीच झाली, असं मी मनापासून मानतो. तरीही मास्टरांची ती खटपट विसरली जाऊ नये. आकाशवाणीवर रोज पहाटे आपण जे 'वंदे मातरम्' ऐकतो, ते देस रागातलं. झिंझोटीतलं कुठं मिळालं, तर श्रोतेहो, एकदा निवांत बसून ऐका.

नमस्कार.